हार्ड डिस्क स्पंजात गुंडाळू नका

माझ्या मावसभावाने सुटे भाग जोडून स्वतः संगणक तयार केला, पण हार्ड डिस्कच्या घरघरीने त्याला रात्री झोप लागेना, म्हणून सगळीकडे फिरत असलेल्या एका संदेशातले उपाय त्याने जसेच्या तसे केले. ‘एक पैसाही खर्च न करता डिस्क पूर्ण शांत’ असा त्या संदेशाचा दावा आहे. डिस्क स्पंजात घट्ट गुंडाळावी, तिच्यावरचे छिद्र चिकटपट्टीने बंद करावे, ती रबरबँडने टांगावी, नेहमी आडवीच ठेवावी आणि वरचेवर डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे डिस्कवर सलग लावणे) करावे, असे त्यात सांगितले आहे. परवा मी त्याचे कॅबिनेट उघडले तेव्हा डिस्कला हात टेकवून ठेवता येत नव्हता आणि तापमान 61 अंश दिसत होते.

स्पंजाचा उपाय सर्वांत घातक आहे. डिस्क जी वीज घेते तिची जवळजवळ सगळी उष्णता होते, आणि ती उष्णता कवचावरून वाहणाऱ्या हवेत व स्क्रूंमधून कॅबिनेटच्या पत्र्यात उतरते. स्पंज या दोन्ही वाटा बंद करतो. बहुतेक घरगुती डिस्कना उत्पादकांनी घालून दिलेली कमाल मर्यादा 60 अंशांच्या आसपास असते. त्यावर ‘तापमानाने डिस्क बिघडत नाही, हे गूगलने सिद्ध केले आहे’ असे हा संदेश ठोकून देतो. गूगलचा 2007 सालचा अभ्यास एक लाखाहून अधिक डिस्कवर आधारलेला आहे, आणि तापमान व बिघाड यांचा संबंध पूर्वी मानला जात होता तितका घट्ट नाही असे त्यात आढळले, हे मला मान्य करावेच लागते. पण अतिशय जास्त तापमानात, विशेषतः जुन्या डिस्कमध्ये, बिघाड वाढल्याची नोंदही त्याच निबंधात आहे. शिवाय त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या होत्या, स्पंजात कोंडलेल्या नव्हत्या. निबंधाचे अर्धे वाक्य उचलून लोकांच्या फायली धोक्यात घालणे मला अक्षम्य वाटते.

छिद्राबद्दलचा सल्लाही तितकाच बेजबाबदार आहे. आतल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते आणि धूळ अडवायला त्याच्या आत गाळणी असते. आतल्या फिरत्या तबकडीवरची माहिती वाचणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर हवेच्याच आधाराने तरंगते. ‘हे छिद्र झाकू नका’ अशी सूचना पुष्कळ डिस्कवर छापलेली असते. (हेलियम भरलेल्या डिस्क पूर्ण बंद असतात, त्यांना असे छिद्रच नसते.)

टांगण्याच्या उपायात मात्र तथ्य आहे. मिनिटाला 7200 फेरे म्हणजे सेकंदाला 120. तेवढ्या वेगाचा कंप स्क्रूंमधून पत्र्यात जातो आणि पत्रा घुमू लागतो. डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये काही मऊ आले की ही गुणगुण बरीच उतरते. पण साधे रबरबँड उष्णतेने कडक होऊन तुटतात, आणि फिरती डिस्क दोन इंचांवरून पडली तरी निकामी होऊ शकते. त्यापेक्षा रबरी वॉशर आणि त्यांना पुरतील असे लांब स्क्रू वापरावेत, किंवा शिवणकामाचे रुंद इलॅस्टिक चौफेर हवा खेळेल असे ताणून त्यावर डिस्क ठेवावी. मात्र संगणक हलवण्यापूर्वी ती काढून घ्यावी.

उरलेल्या दोन मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखे नाही. डिस्क उभी बसवली तरी चालते. डीफ्रॅगने हेडची धावपळ कमी होऊ शकते, पण तबकडी फिरण्याचा आवाज आहे तसाच राहतो.

भावाच्या डिस्कवरचा स्पंज काढून पंख्यासमोर ठेवल्यावर तापमान अर्ध्या तासात 39 अंशांवर आले. चिकटपट्टी हळूच सोलली, पण छिद्राच्या कडेला राहिलेला गोंद मी पुसला नाही, कारण द्रावक लावले असते तर तो विरघळून आत जाण्याची भीती होती. त्याच्या सगळ्या फायलींची दुसरी प्रत मात्र त्याच रात्री करून घेतली.