ॲस्परॅगसच्या वाफ्यात मीठ टाकू नका

'एकदा लावा, पहिल्याच वर्षापासून वीस वर्षं तोडा. तण आलं तर वाफ्यात मीठ फेका. माल घरात पोत्यात महिनाभर टिकतो. लाल फळं औषधी, रोज खा.' ॲस्परॅगस, म्हणजे कोवळे कोंब खातात ती भाजी, तिच्याबद्दलचा हा मेसेज निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी ग्रुपांवर फिरतोय. तो आमच्या मामांपर्यंत पोचला आणि त्यांचा फोन आला, "एकरी किती पोती मीठ लागंल रं?"

आधी मिठाचंच बोलू. हे पीक बाकीच्या भाज्यांपेक्षा खारटपणा जास्त सोसतं, एवढं खरं. पण पीक सोसतं म्हणून जमीन सोसत नाही! काळ्या रानात सोडियम साठला की माती घट्ट बसते, पाणी मुरत नाही, वाळली की ढेकूळ फुटता फुटत नाही. अथणी-रायबागाकडची क्षारपड, चोपण रानं बघून या. लोक जिप्सम टाकून, चर खोदून ती सुधारायला धडपडतायत, आणि आपण मीठ विकत आणून टाकायचं? त्यात निपाणीची रानं तंबाखूची. क्लोराइड वाढलं की पान नीट जळत नाही, म्हणून तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश (क्लोराइड असलेलं पालाश खत) टाळून सल्फेट ऑफ पोटॅश देतात. मिठात वजनाच्या 60 टक्के क्लोराइडच असतं. उद्या त्याच रानात तंबाखू लावायचा झाला तर? तण खुरप्यानं काढा, वर पाचटाचं आच्छादन घाला.

पहिल्या वर्षी तोडायचं नसतंच. कोंबाचा पाला होऊ द्यायचा, तो मुळांत अन्न साठवतो. दुसऱ्या वर्षी थोडी तोडणी, खरी तिसऱ्यापासून. पंधरा-वीस वर्षं बाग टिकते हे मान्य, पण थंड मुलखात, जिथं हिवाळ्यात झाड विश्रांती घेतं. आपल्याकडे तो हिशेब धरू नका. खानापूरच्या पावसात तर निचरा नसेल तर मुळंच कुजतील.

पोत्यात महिनाभर? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या काढणीपश्चात केंद्राची शिफारस आहे 0 ते 2 अंश तापमान आणि 95 टक्क्यांच्या वर आर्द्रता. एवढं करूनही माल 14 ते 21 दिवसच टिकतो. तोडलेला कोंब श्वसन करतच राहतो. उन्हाळ्यात घरात ठेवला तर गोडी जाते आणि बुडाकडून धागा धरतो. सकाळी तोडा, लगेच गार पाण्यातून काढा, बुडं ओल्या फडक्यावर टेकवून जुड्या उभ्या ठेवा आणि त्याच दिवशी बेळगावला पोचवा.

आणि ती लाल फळं विषारी आहेत. खाल्ली तर उलट्या, पोटदुखी. मळ्यात पोरं खेळत असतील तर दिसतील तशी तोडून पुरून टाका.