‘पुढून घरघर म्हणजे डिफरन्शियल गेलं’: फिरत्या मेसेजचा पंचनामा

फोर बाय फोरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचा सारांश असा: ‘पुढून घरघर, गुणगुण किंवा कटकट येत असेल तर पुढचं डिफरन्शियल गेलं म्हणून समजा. टू-एचमध्ये पुढचं काहीच फिरत नाही, त्यामुळे तेव्हाही आवाज आला तर फोर बाय फोर अर्धवट अडकलंय. खात्रीसाठी डांबरी रस्त्यावर फोर-एच टाकून स्टेअरिंग पूर्ण फिरवा; कटकट झाली, गाडी अडखळली, तर सीव्ही जॉइंट बाद. तात्पुरता उपाय म्हणून नव्वदऐवजी एकशेचाळीसचं ऑइल भरा. नाहीतर पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून ठेवा, गाडी आयुष्यभर चालेल.’ (डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांमधली गिअरची पेटी, जी वळणावर त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. टू-एच म्हणजे इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना, फोर-एच म्हणजे चारही चाकांना. प्रोपेलर शाफ्ट हा जोर डिफरन्शियलपर्यंत नेणारा लांब दांडा, सीव्ही जॉइंट हा वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा. नव्वद आणि एकशेचाळीस हे ऑइलच्या जाडीचे आकडे.)

हे वाचून लोक थेट गॅरेजात जातात आणि ‘पुढचा क्राऊन-पिनियन (डिफरन्शियलच्या आतली मोठ्या-छोट्या गिअरांची जोडी) बघा’ असं स्वतःच सांगतात. मेस्त्रीला काय, गिऱ्हाइकाने सांगितलेलं काम करायला त्याची ना नसते. डिफरन्शियलचं हौसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, उघडलं जातं, बिल होतं आणि गाडी घरी येते ती तोच आवाज घेऊन.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीचा घोळ तिथूनच निघतो.

‘टू-एचमध्ये पुढचं काहीच फिरत नाही’

हे गाडीगणिक बदलतं. जिप्सी आणि जुन्या फोर बाय फोर जीपा घ्या. त्यांच्यापैकी ज्यांच्या पुढच्या चाकांवर हाताने फिरवायचे हब (चाक शाफ्टला जोडणारं किंवा सोडवणारं कुलूप) आहेत, त्यांत ‘फ्री’ आणि ‘लॉक’ अशा दोन खुणा असतात. हब फ्री आणि लिव्हर टू-एचला असताना पुढे फक्त चाक, ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क आणि हबची बेअरिंगं फिरतात. हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा), नकलमधला (चाक वळवणाऱ्या भागातला) जॉइंट, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट सगळं गप्प उभं असतं. म्हणजे इथे मेसेजचं पहिलं वाक्य दुसऱ्याच वाक्यात आपटतं. डिफरन्शियल जागचं हलतच नसेल तर ते घरघरणार कसं?

तेच हब लॉक करून लिव्हर टू-एचलाच ठेवली की चित्र उलटतं. आता चाकंच हाफ शाफ्टला फिरवतात, शाफ्ट क्राऊनला, क्राऊन पिनियनला, आणि फिरणं प्रोपेलर शाफ्टमार्गे थेट ट्रान्सफर केसपर्यंत, म्हणजे पुढे-मागे जोर वाटणाऱ्या पेटीपर्यंत, पोहोचतं. इंजिनचा जोर मात्र त्यावर नसतो.

हब नसलेल्या आणि शाफ्टची जोडणी तोडणारा क्लच अॅक्सलवरच असलेल्या गाड्यांत तिसराच प्रकार दिसतो. तिथे एका बाजूचा शाफ्ट मध्येच तुटक असतो. टू-एचमध्ये दोन्ही चाकं आपापल्या बाजूचे शाफ्ट फिरवत असतात. क्राऊन आणि प्रोपेलर शाफ्ट थांबलेले असतात, पण हौसिंगच्या आतले छोटे गिअर फिरत राहतात आणि तुटक बाजूचा आतला तुकडा चक्क उलटा फिरतो. आणि ज्या गाड्यांत तोडायची सोयच नाही, तिथे पुढचं सगळं कायम फिरतं.

त्यामुळे काहीही उघडण्याआधी आपल्या गाडीत कुठल्या स्थितीत काय फिरतं ते माहीत करून घ्यायचं. हाताने फिरवायचे हब असतील तर काम सोपं आहे. तीन फेऱ्या, तिन्हींना वेग एकच, आणि पहिल्या दोन एकाच रस्त्यावर. पहिली हब फ्री ठेवून टू-एचमध्ये, दुसरी हब लॉक करून टू-एचमध्येच, आणि तिसरी हब लॉक, फोर-एच टाकून, पण मातीच्या किंवा खडीच्या रस्त्यावर. आवाज तिन्ही फेऱ्यांत येत असेल तर चाक, बेअरिंग, टायर, ब्रेक बघा. दुसऱ्या फेरीपासून सुरू झाला तर हाफ शाफ्ट, जॉइंट, डिफरन्शियल, पुढचा प्रोपेलर शाफ्ट. फक्त तिसऱ्यात येत असेल तर जोर पडल्यावर बोलणारा भाग शोधायचा: पिनियन, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा फुलीसारखा सांधा) किंवा ट्रान्सफर केस.

जिप्सीवाल्यांसाठी एक आगाऊ सूचना. तुमचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळा, मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेला आणि पूर्ण गिअरचा आहे. तो नवा असतानाही गुणगुणतो. त्याला आजारी ठरवू नका.

‘अर्धवट अडकलंय’ हे मात्र मेसेजने अगदीच हवेत सोडलेलं नाही. ज्या गाड्यांचे हब व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिनच्या हवा ओढण्याच्या जोरावर, चालतात, जिम्नी त्यातलीच, तिथे नळीला चीर गेली किंवा सील सुटलं की हबचे दात अर्धे लागतात आणि करकर सुरू होते. अमेरिकेत २००४ नंतरची फोर्ड एफ-१५० वापरणाऱ्यांना हा आवाज चांगलाच परिचयाचा आहे. त्या गाडीत व्हॅक्यूम हबला सोडवून ठेवतो. तो कमी पडला की हब लागायला बघतो, नीट लागत नाही आणि दात दातांवर घासतात. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनचा व्हॅक्यूम पडतो, म्हणून करकर नेमकी तेव्हाच येते. पाय उचलला की गप्प. हे लक्षण हुबेहूब डिफरन्शियलचं वाटतं, आणि दोष सापडतो बोटाएवढ्या रबरी नळीत.

‘घरघर म्हणजे डिफरन्शियल’

आवाज कसा आहे यापेक्षा तो कशाने बदलतो हे जास्त बोलकं असतं. गाडी न्यूट्रलला टाकून उतारावर सोडा. इंजिनचा आवाज खाली आला तरी घरघर गाडीच्या वेगाबरोबर चालू राहिली, तर इंजिन आणि क्लच यादीतून बाद. मग साठच्या आसपास मोकळ्या रस्त्यावर स्टेअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे करून बघा. डावीकडे वळवलं की वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा घरघर वाढली तर उजवं बेअरिंग संशयित, उजवीकडे वळवताना वाढली तर डावं. अॅक्सिलरेटर दाबल्या-सोडल्याने बेअरिंगला फारसा फरक पडत नाही. पिनियनला मात्र पडतो. तो जोर लावल्यावर एका सुरात शिट्टी घालतो आणि पाय उचलला की एकतर गप्प होतो किंवा सूर बदलतो, कारण दातांची दुसरी बाजू लागते. फक्त वळणावर येणारी खडखड असेल तर आतल्या छोट्या गिअरांकडे बघा, कारण सरळ रस्त्यावर ते आपसात जवळजवळ फिरतच नाहीत.

थोडा हिशोब केला तरी बरंच कळतं. २३५/७५ आर १५ टायरचा घेर साधारण २.३ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सातेक वेळा फिरतं. क्राऊन-पिनियनचा रेशो ४.१ असेल (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे ४.१ फेरे) तर प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला तीसच्या आसपास फिरतो. क्रॉस खराब असेल तर तो एका फेऱ्यात दोनदा हिसका देतो, म्हणजे सेकंदाला साठ. हा आवाजापेक्षा सीटखाली आणि फ्लोअरला थरथर म्हणून जाणवतो. पिनियनला दहा दात असतील तर दात लागण्याचा सूर सेकंदाला तीनशेच्या घरात जातो, ती शिट्टी. आणि सेकंदाला सातवाला ‘धप-धप’ तर थेट चाकाचा: फुगलेला टायर किंवा वाकलेली रिम. कान साधा असला तरी थरथर, शिट्टी आणि धपधप यातला फरक कुणालाही कळतो.

बेअरिंगची खात्री घरच्या अंगणात होते. मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं एक चाक जॅकवर घ्या, खाली घोडी (आधाराचा स्टँड) ठेवा आणि हब फ्री करा. एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर किंवा नकलवर टेकवा. चांगलं बेअरिंग फिरताना बोटांना काहीच जाणवत नाही. गेलेलं बेअरिंग बारीक वाळू दळल्यासारखं जाणवतं, कानाला काही ऐकू येत नसलं तरीही. मग चाक वरून-खालून धरून हलवा. ढिलाई लागली तर लगेच बेअरिंगला शिक्षा नको. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबून ढिलाई गेली तर ती बेअरिंगची, तरीही राहिली तर बॉल जॉइंटची किंवा किंग पिनची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याची.

टायरची गुणगुण मड टेरेन (चिखलासाठीचे खोल नक्षीचे टायर) वापरणाऱ्यांना वेगळी सांगायला नको. पुढचे टायर मागे टाका. आवाज मागे गेला तर विषय संपला. ब्रेकच्या पत्र्यात अडकलेला खडा तर याहून फुकटचा रोग आहे.

क्राऊन-पिनियन बदलायचाच असेल तर तो जोडीनेच बदलतात, आणि दातांमधली फट मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशात डायल गेजवर बांधतात. दातांना रंग लावून ते कुठे लागतायत तेही बघावं लागतं. जुन्याच शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) टाकून अंदाजाने बसवलेला नवा सेट पहिल्या दिवसापासून शिट्टी मारतो, आणि मग मालकाला पटतं की डिफरन्शियलच खराब होतं.

‘डांबरावर फोर-एच टाकून पूर्ण स्टेअरिंग’

असली चाचणी घेऊ नका. पार्ट टाइम (गरजेपुरतं टाकायच्या) फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टला एकाच वेगाने फिरावं लागतं, मध्ये डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढचा अॅक्सल मोठ्या वर्तुळात जातो. जिप्सीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) जवळपास २.४ मीटर आहे. मागचा अॅक्सल साडेचार मीटर त्रिज्येवर वळत असेल तर पुढचा सुमारे ५.१ मीटरवर वळतो, म्हणजे त्याला तेरा टक्के जास्त अंतर कापायचं असतं. मातीत टायर घसरून हा फरक जिरवतात. कोरड्या डांबरावर जिरवायला जागा नसते. सगळा पीळ शाफ्टांत साठतो, गाडी अडखळते, कटकट होते, लिव्हर बाहेर येईनाशी होते. अगदी निरोगी गाडीही हेच करेल. अडकलीच तर सरळ मागे घ्या, पीळ सुटतो.

सीव्ही जॉइंट तपासायचा तर मोकळ्या मातीच्या मैदानात, फोर-एचमध्ये, हळू, पूर्ण वळवून आणि हलका जोर देत. जोर वाढला की वाढणारी आणि चाकाच्या फेऱ्यांशी ताल धरणारी कटकट असेल तर तो बाहेरचा जॉइंट. त्याआधी वाकून बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) बघा. फाटलेल्या बुटाचं ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला शिंतोड्यांसारखं उडालेलं असतं. जिप्सीसारख्या अॅक्सलला नकलवर ग्रीस आणि गिअर ऑइलचा पातळ काळा राडा दिसला तर आतलं सील गेलंय. डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये उतरतं आणि ग्रीस धुऊन काढतं. जुन्या जीपच्या नकलमध्ये साधा क्रॉस असतो, तो पूर्ण वळणावर जोर पडल्यावर स्टेअरिंगला हिसके देतो. ती त्याची घडणच आहे.

‘एकशेचाळीसचं ऑइल भरा’

जाड ऑइलने आवाज दबतो, हे खरं. पण दबलेला आवाज म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही. खड्डे पडलेलं बेअरिंग ऑइलने भरून येत नाही, फक्त मालक निश्चिंत होतो. कंपनीने जीएल-५ दर्जाचं ८० डब्ल्यू ९० सांगितलं असेल तर तेच भरा. ते फक्त अॅक्सलमध्ये. गिअरबॉक्सला काय चालतं ते वेगळं बघा, कारण काही जीएल-५ ऑइलं सिंक्रोच्या (गिअर सहज पडू देणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगांना सोसत नाहीत.

ऑइल बदलण्याचा खरा फायदा निराळाच आहे: जुनं ऑइल साक्ष देतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखलासारखा थर असणं नेहमीचं. बोटांत घेतल्यावर टोचणारे तुकडे किंवा दाताचा टवका निघाला तर हौसिंग उघडायलाच हवं. ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय. कोकणात आणि घाटाखाली ओढे पार करणाऱ्यांच्या गाड्यांना हे होतंच. तापलेलं हौसिंग गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते. ब्रीदर (हौसिंगमधली हवा आत-बाहेर जाण्याची वाट) चिखलाने बंद असेल तर ते सीलमधून पाणी ओढून घेतं. ब्रीदरची नळी वर बॉनेटपर्यंत नेणं हा त्यावरचा स्वस्त इलाज.

‘शाफ्ट काढून ठेवा’

चाचणी म्हणून चालेल. हब नसलेल्या पार्ट टाइम गाडीला तर ही उत्तम चाचणी आहे: शाफ्ट काढला आणि थरथर गेली तर क्रॉस किंवा शाफ्टचा बॅलन्स. गाडी उंचावली असेल तर शाफ्टचा कोनही तपासा. पण मध्ये डिफरन्शियल असलेल्या कायमच्या फोर बाय फोरमध्ये पुढचा शाफ्ट काढलात तर सगळा जोर त्या मोकळ्या टोकाकडे निघून जातो आणि मधलं लॉक टाकेपर्यंत गाडी जागची हलत नाही.

काढण्याआधी फ्लँजवर आणि सरकत्या जोडावर सेंटर पंचने खुणा करा. सरकता जोड एका दाताने जरी चुकून बसला तरी दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत, आणि जी थरथर आधी नव्हती ती सुरू होते. मग पुन्हा ग्रुपवर प्रश्न येतो की पुढून आवाज येतोय, आणि उत्तरादाखल कुणीतरी तोच मेसेज पाठवतो.