डॅनिओ सोडले म्हणून सिक्लिडची भांडणं मिटत नाहीत

सिक्लिड हे हद्द धरून भांडणाऱ्या माशांचं एक कुळ. त्यांच्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: "सिक्लिड भांडतात? चार-पाच छोटे मासे सोडा, तळाला एक सकर टाका, टाकी गच्च भरा. भांडण बंद." (सकर म्हणजे तळाला, काचेला चिकटून राहणारा मासा.) यातलं थोडंसंच खरं आहे, बाकीच्यापायी मासे हकनाक मरतात.

खरं एवढंच, की वरच्या थरात बिनधास्त फिरणारा थवा दिसला की आसपास धोका नाही असं सिक्लिडला वाटतं. दडून बसलेला मासा बाहेर येतो, आणि एकाच्याच मागे लागण्याऐवजी त्याचं लक्ष विभागलं जातं. अशा सोबत्यांना डिदर म्हणतात. हद्दीचं भांडण मात्र त्यांनी मिटत नाही. तीन फुटी टाकीत कॉन्व्हिक्ट या सिक्लिडच्या जोडीने अंडी घातली, की ती बाकी सगळ्यांना एका कोपऱ्यात कोंडते. तेव्हा जोडी वेगळी काढा, नाहीतर मोठी टाकी घ्या.

चार-पाच सोबती कमीच पडतात. सगळा मारा एकदोघांवर होतो, त्यांच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसतात. निदान ८ घ्या. आणि छोटे तर नकोतच: सिक्लिडच्या तोंडात मावला तो खाद्य. एंजलसुद्धा सिक्लिडच, मोठा झाला की निऑनसारखा छोटा मासा गिळतो. कॉन्व्हिक्ट किंवा फायरमाउथ या सिक्लिडसोबत जायंट डॅनिओ हा डिदर चांगला. १० सेंटीमीटरच्या आसपास वाढतो, चपळ असतो, वरच राहतो. उड्या मारतो, म्हणून झाकण घट्ट हवं. पूर्ण वाढलेल्या ऑस्कर या मोठ्या सिक्लिडसोबत मात्र तोही नको.

आधी डॅनिओ सोडा, मग सिक्लिड. टाकीत सिक्लिड आधीपासून असतील तर दगडांची मांडणी बदला, म्हणजे जुन्या हद्दी मोडतात. मग दिवा मालवून नवे मासे सोडा.

सोबती पाणी बघूनही निवडावे लागतात. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असतं. डॅनिओला ते चालतं. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या एम्बुना सिक्लिडला जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी आणि ७.८ ते ८.६ पीएच लागतो. त्यासाठी तिसऱ्यांचे शिंपले उकळून, घासून, जाळीच्या पिशवीतून फिल्टरमध्ये ठेवा आणि पीएच तपासत राहा. तिथे सोबतीला बोसमनी रेनबो मासे घ्या.

सकर अंडी खातो, त्यामुळे पिल्लांवर आलेली जोडी उलट जास्त चवताळते. शिवाय तो फुटाहून मोठा होतो. टाकीत मावेना म्हणून त्याला व्हाळात किंवा नदीत अजिबात सोडू नका, तो परदेशी मासा तिथे तग धरतो. सकरऐवजी कोरीडोरास हा तळाला राहणारा छोटा, काटेरी मासा टाकावा, तर ऑस्कर तो गिळायला जातो, काटे घशात अडकतात आणि दोघंही मरतात.

"गच्च भरा" हे एम्बुनापुरतंच, तेही चार फुटी, अडीचशे लिटरच्या टाकीत. फिल्टरने तासाला टाकीच्या निदान सहापट पाणी फिरवायला हवं, आणि दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलायला हवं. पावसाळ्यात लाईट गेली की अशा टाकीतला ऑक्सिजन झपाट्याने संपतो, मासे वर येऊन तोंडं उघडी टाकू लागतात. बॅटरीवरचा एअरपंप घरात नसेल तर गर्दी करूच नका.