‘परदेशात चिकन विकत घेऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या सिडकोतल्या दोन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय: ‘बाहेर शिकायला गेलेल्या मुलांनो, तिथलं चिकन घेऊ नका. हार्मोनची इंजेक्शनं देतात, क्लोरीनमध्ये धुतात, पाकिटात शिळं रक्त साचलेलं असतं. घेतलंच तर नळाखाली खळखळून धुवा. गावरान तर विसराच.’ हे वाचून जर्मनीत गेलेली माझी भाची महिनाभर खिचडीवर राहिली. मी हॅनोव्हरमध्ये चार वर्षं स्वयंपाक केलाय, म्हणून लिहितेय.

हार्मोनचं आधी. कोंबडीला वाढीसाठी हार्मोन देणं युरोपात बेकायदा आहे. अमेरिकेतही 1950च्या दशकापासून बंदी आहे. वाढीचं हार्मोन हे प्रथिन. खाद्यातून दिलं तर पोटात पचून जाईल, म्हणजे शेडमधल्या हजारो पक्ष्यांना एकेक करून सुई टोचत बसावं लागेल. कोण करेल? ब्रॉयलर सहा आठवड्यांत तयार होतो तो निवडून केलेल्या पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे, तिकडेही आणि आपल्या दिंडोरी-निफाडच्या शेडमध्येही. काळजी करायचीच तर अँटिबायोटिकची करा. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून ती देणं युरोपात 2006 पासून बंद आहे. आपल्याकडे कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी यायला 2019 उजाडलं. मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही.

क्लोरीनमध्ये धुतलेलं चिकन युरोपने 1997 पासून येऊच दिलेलं नाही. विषय संपला.

पाकिटातलं लाल पाणी म्हणजे रक्त नव्हे. रक्त कापतानाच निथळून जातं. हे मांसातलं पाणी, त्याला रंग येतो मायोग्लोबिन या मांसातल्याच प्रथिनामुळे. आपण इथे पिंजऱ्यातला पक्षी दाखवतो, तो काट्यावर चढतो, समोर कटिंग होतं. तिथे यातलं काहीच दिसत नाही, तारीख वाचावी लागते. ‘त्सु फरब्राउखन बिस’ (या तारखेपर्यंत वापरून टाका) लिहिलेली तारीख उलटली की चिकन टाकून द्यायचं. दह्यावर असते ती ‘मिन्डेस्टन्स हाल्टबार बिस’ (किमान या तारखेपर्यंत टिकेल). ती उलटली तरी वास-चव बघून खाता येतं. या दोन्हींत गल्लत करू नका.

नळाखाली धुण्याचा सल्ला तर घातकच आहे. कच्च्या चिकनवर कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात. धार पडली की ते ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. धुण्याने ते मरत नाहीत, नीट शिजवल्याने मरतात. पाकीट उघडा आणि थेट हळद-मीठ लावा. साल नको असेल तर तंगडीच्या टोकाकडची साल पेपर टॉवेलने धरून ओढा, मोज्यासारखी निघते.

आणि गावरान. फ्रोजनच्या कप्प्यात ‘झुप्पनहून’ शोधा. अंडी देऊन झालेली, वर्ष उलटून गेलेली कोंबडी. जर्मन लोक तिचं सूप करतात. आपल्या गावरानची जात ती नव्हे, पण मांस चिवट, हाडं टणक आणि रश्शाला खरी चव. रात्रभर फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात ठेवून तिचा बर्फ वितळू द्यायचा. आलं-लसूण चोळून कुकरला सहा-सात शिट्ट्या. झाकण उघडलं की वर पिवळीधमक चरबी तरंगते. ती काढू नका. त्याच पाण्यात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण आणि घरून नेलेला काळा मसाला घाला. भाचीने परवा हा रस्सा केला. फोटोत तर्री अगदी कडेपर्यंत आली होती.