वॉटर पंप वारंवार जातो? पंपाला शिव्या देण्याआधी

इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाबद्दल जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: "हल्लीचे नवे वॉटर पंप टिकतच नाहीत. बेल्ट कडक ताणा, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका, साधं पाणी भरा आणि पंपाखालच्या भोकातून गळायला लागलं की ते बुजवून टाका." यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. पुढचे चारही उपाय मात्र पंपाच्या मुळावर येतात.

"नवे पंप टिकत नाहीत." काही पंप निकृष्ट निघतात, हे कबूल. पण वेगवेगळ्या बनावटीचे तीन पंप लागोपाठ गेले, तर खोट गाडीत शोधायची. उतरवलेला पंप भंगारात टाकण्याआधी त्याचा शाफ्ट (पुली बसते तो दांडा) आडवा हलवून बघा. खडखडतोय? मग बेअरिंग गेलं, म्हणजे बेल्ट, पुली आणि पंखा तपासा. शाफ्ट घट्ट आहे पण गळतंय? मग पाणी अडवणारं सील गेलं, कारण पाण्यात आहे. मात्र गळका पंप बरेच दिवस तसाच चालवला असेल तर पाणी बेअरिंगही खातं आणि हा पुरावा पुसला जातो. पुली हातोडीने ठोकून बसवली असेल, तर तो पंप बसण्याआधीच जायबंदी झाला असं समजा.

"बेल्ट कडक ताणा." बेअरिंग मारायचा हा हमखास मार्ग. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा नसेल, तर बेल्टच्या सर्वांत लांब मोकळ्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण 12 ते 13 मिलिमीटर दबायला हवा. तरीही किंचाळतोय? पुलीची खाच बघा. व्ही-बेल्ट पकड घेतो तो दोन्ही कडांनी. खाचेचा तळ चकचकीत झाला असेल, तर बेल्ट किंवा पुली झिजून बेल्ट तळाला टेकतोय. मग कितीही ताणा, तो घसरणारच. पुल्या एका रेषेत आहेत का, ते सरळ पट्टी लावून पाहा.

पंखा पंपाच्याच शाफ्टवर असेल तर त्याचा प्रत्येक हिसका बेअरिंगला बसतो. इंजिन बंद करून बेल्ट काढा, पात्याच्या टोकाजवळ एक तार स्थिर धरा आणि पंखा हाताने फिरवा. एखादं पातं तारेपासून लांब किंवा जवळ जात असेल तर ते वाकलंय. फॅन क्लच (पंखा शाफ्टला जोडणारा भाग) डुगडुगत असेल तर पंपाबरोबर तोही बदला. नुसता पंप बदलणं म्हणजे पुढच्या पंपाची तयारी.

"साधं पाणी पुरे." सीलचे दोन गुळगुळीत चेहरे एकमेकांवर फिरतात, मध्ये कूलंटचा पातळ थर असतो. साध्या पाण्यात गंजरोधक नसतात. गंजाचे कण त्या चेहऱ्यांवर ओरखडे काढतात. निम्मं ग्लायकॉल कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण ठेवा, आणि त्याआधी ब्लॉक व रेडिएटर फ्लश करा. गळती थांबवणाऱ्या पावडरी नकोत. भरताना हीटरचा कॉक उघडा ठेवून हवा पूर्ण काढा, कारण हवेच्या बुडबुड्यात सील कोरडं घासतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर सीलमधलं सिरॅमिक तडकू शकतं, ब्लॉकही.

"थर्मोस्टॅट काढा." पंप बेल्टवर फिरतो, थर्मोस्टॅट असो वा नसो, त्याचे फेरे कमी होत नाहीत. उलट, ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना बायपास (रेडिएटर टाळून जाणारी पाण्याची वाट) बंद करतो, तिथे तो काढल्यावर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत येतो आणि गाडी जास्तच तापू शकते. शंका असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात टांगून तापवा. 82 अंशांचा असेल तर त्याच्या आसपास उघडू लागला पाहिजे.

"भोक बुजवा." हा सल्ला सगळ्यांत धोक्याचा. ते वीप होल सीलमधून निसटलेलं पाणी बेअरिंगपर्यंत न जाता बाहेर पडावं म्हणूनच ठेवलेलं असतं. नव्या पंपातून सुरुवातीला दोन-चार थेंब आले तर चालतं, सील बसतंय. सतत ठिबकत असेल तर पंप उतरवा. बुजवलात तर गळती दिसायची थांबते आणि पाणी बेअरिंगमध्ये शिरतं. मग शाफ्ट सुटला की पंखा थेट रेडिएटरच्या जाळीत.