झाडं दाखवून फ्लॅट विकायचे आणि झाडंच कापायची

रविवारच निवडतात हे बिल्डर लोक. रविवारी कुठल्याही कार्यालयात माणूस नसतो, तक्रारीचा फोन कुणी उचलत नाही आणि सोमवारी साहेब खुर्चीवर येईपर्यंत लाकूड वखारीत पोचलेलं असतं. काल सकाळी सातच्या आत पुण्यात, आमच्या प्रभात रोडच्या गल्लीत पेट्रोलवरची करवत सुरू झाली. मी गॅस बंद करून तशीच खाली धावले. शेजारचा बंगला पाडून पत्रे ठोकले तेव्हापासून पोटात गोळा होताच. कोपऱ्यातला पर्जन्यवृक्ष जाणार, हे गल्लीत सगळ्यांना कळत होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं.

"काय चाललंय हे?"

"मॅडम, परमिशन आहे."

"दाखवा."

"साहेबांकडे आहे."

"मग साहेबांना बोलवा."

"साहेब आज येत नाहीत."

झाडाखालून हलत नाही म्हटल्यावर त्या सुपरवायझरने मोबाइलवर कागदाचा फोटो दाखवला. अर्धा अंगठा त्याच्यावरच. अंगठा काढायला लावला आणि वाचलं: धोकादायक फांद्यांची छाटणी. छाटणी! आणि वर दोघं जण दोर बांधून मुख्य खोडाला करवत लावून बसलेले. फांदी कुठली आणि खोड कुठलं हे सांगायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. मी ओरडून त्यांना खाली यायला सांगितलं. ते थांबले, खाली बघितलं, सुपरवायझरने मान हलवली आणि करवत पुन्हा सुरू.

मग तो मला काय म्हणाला ऐका. "मॅडम, झाड तुमचंय का? प्लॉट आमचा, झाड आमचं. तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?"

काल दिवसभर हेच वाक्य डोक्यात घण घालत होतं. झाड तुमचंय का! अरे, तुझ्या साहेबाने लावलंय का ते? पाणी घातलंय? त्याचा जन्म व्हायच्या आधीपासून ते उभं आहे. ज्या कुटुंबाने लावलं त्यांनी बंगला विकला, ते गेले. त्यांच्या हयातीत एकदा वादळात फांदी पडली होती, तेव्हा त्या आजोबांनी स्वतः उभं राहून फक्त तेवढी फांदी काढून घेतली होती आणि कापलेल्या जागेला लेप लावून घेतला होता. आणि हा काल आलेला माणूस मला मालकी विचारतो. महाराष्ट्रात 1975 सालापासून कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं झाडसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही, प्लॉट तुमच्या आजोबांचा असला तरी. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिलाय. एक तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची आणि सात वर्षं जगवायची, असंही त्यात लिहिलंय. म्हणून तर छाटणीचा कागद काढायचा! छाटणीत वय विचारत नाहीत. छाटून छाटून बुंधा उरला की महिन्याभराने "झाड वाळलं, धोकादायक झालंय" असा दुसरा अर्ज. ही युक्ती या भागात आता पोराटोरांनाही पाठ झालीय.

पोलिसांना फोन केला. "हे आमच्याकडे येत नाही." ज्यांच्याकडे येतं त्यांचा फोन वाजून वाजून बंद पडला. दहाच्या सुमाराला टेम्पो लागला. भरलेल्या लाकडांत एक ओंडका असा होता की त्याला वाटोळं, नीट कोरलेलं भोक. तांबट पक्ष्याचं घर. मार्च महिना, ऐन विणीचा. तांबट तोपर्यंत समोरच्या तारेवर बसून टुक टुक करत होता. मी तो ओंडका दाखवला तर टेम्पोवाला म्हणाला, "किडलेलं होतं बघा." किडलेलं!

आमच्या बिल्डिंगमधून कोण खाली आलं? कुणी नाही. तिसऱ्या मजल्यावरून व्हिडिओ काढला गेला, ग्रुपवर पडला, त्याखाली हात जोडलेल्या आणि रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "फार वाईट." "काहीतरी करायला हवं." मग करा ना! दोन जिने उतरा! चार माणसं बुंध्याला टेकून उभी राहिली असती तर त्या दोघांनी करवत चालवली नसती. खाली आल्या त्या एकट्या इस्त्रीवाल्या मावशी. त्यांची हातगाडी कित्येक वर्षं त्याच झाडाखाली लागते. त्या काही बोलल्या नाहीत, माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. नंतर एवढंच विचारलं, "ताई, आता उन्हात कोळशाची इस्त्री कशी व्हायची?" काय उत्तर देणार होते मी?

आणि वर ऐकून घ्यायचं, "तुमचं काय बाबा, प्रभात रोडला राहता!" भाजीवाल्यापासून आमच्या नणंदेपर्यंत सगळे. झाडांबद्दल तोंड उघडलं की श्रीमंतांची नाटकं. एसी लावून घरात बसणाऱ्याला झाडाचं काही अडत नाही हो! अडतं ते इस्त्रीवाल्या मावशींचं, दुपारी रिक्षा सावलीत लावून डबा खाणाऱ्यांचं, वॉचमनचं, पार्सलच्या पिशव्या घेऊन हिंडणाऱ्या पोरांचं. या गल्ल्यांची सावली आजवर सगळ्यात जास्त वापरली ती इथे एक चौरस फूट नसलेल्या माणसांनी. तिच्यावर करवत चालते तेव्हा त्यांना कोण विचारतं?

"ते परदेशी झाड आहे हो, गेलं तर गेलं" हेही काल ऐकलं. आहेच परदेशी, दक्षिण अमेरिकेतलं. मग? संध्याकाळी पानं मिटून घेणारं ते झाड इथल्या घारींना चालतं, धनेशाच्या जोडीला चालतं, फक्त तुम्हाला चालत नाही. आणि बाकीच्या झाडांचे तरी कुठे लाड केलेत? बुचाच्या झाडाची मुळं ड्रेनेजला त्रास देतात म्हणून ते गेलं. आंबा गाड्यांवर चीक गाळतो म्हणून तो गेला. नारळ डोक्यात पडेल म्हणून त्याला मुंडासं बांधलं. जी उरली त्यांच्या गळ्यापर्यंत सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक. पाणी मुरायला वीतभर आळं ठेवत नाहीत, मग पावसाळ्यात झाड उन्मळलं की बातमी काय, झाड धोकादायक होतं!

1933 साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूरहून इथे आली तेव्हा हा सगळा गावाबाहेरचा भाग होता. पुढे ज्यांनी बंगले बांधले त्यांनी एकेक रोप लावून ही सावली उभी केली. आता ती विकायला काढलीय. या प्लॉटच्या पत्र्यावर काय रंगवलंय? "पुण्याच्या सर्वात हिरव्यागार भागात आलिशान घरं." चित्रात डेरेदार झाडं, झाडाखाली सायकलवर मुलगी. पत्र्याच्या बाहेर चित्रातलं झाड आणि पत्र्याच्या आत खऱ्याचा बुंधा! हे वाचून कोट्यवधी रुपये मोजणाऱ्या माणसाला कुणी विचारायला नको का, बाबा रे, तू येशील तेव्हा सावली कुठून आणणार?

तो यायच्या आधी आम्ही तीन वर्षं काय भोगायचं तेही सांगते. रात्री साडेअकराला सिमेंट मिक्सरचा ट्रक, रिव्हर्स घेताना किंचाळणारा. निवासी भागात रात्री दहा ते सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती कुणासाठी आहे? मागच्या साइटने ऐन परीक्षेत बोअर मारला, वरच्या मजल्यावरची दहावीतली मुलगी कानात बोळे घालून रडत अभ्यास करत होती. कॅफेंचं तर विचारूच नका. तळमजल्याच्या दिवाणखान्याची एक भिंत पाडायची, बाहेर चार पिवळे दिवे टांगायचे आणि वाहनतळ म्हणजे आमची गल्ली. गेटसमोर आडवी गाडी. "काकू, दोनच मिनिटं." गेल्या महिन्यात समोरच्या आजींना न्यायला ॲम्ब्युलन्स आली ती टोकाला अडकली आणि स्ट्रेचर चालवत न्यावं लागलं. गाडीवाला आत कॉफी पीत होता.

2020 साली सहा मीटरच्या गल्ल्या नऊ मीटर करायचा घाट घातला होता, आठवतंय ना? रस्ता रुंद म्हणजे टीडीआर, म्हणजे वाढीव बांधकामाचा हक्क, आणि टीडीआर म्हणजे मजले. दोन्ही कडेची झाडं, कंपाउंड, ओटे, सगळं त्या तीन मीटरमध्ये. तेव्हा आरडाओरडा केला म्हणून आम्हाला विकासविरोधी ठरवलं. वेताळ टेकडीवरून बालभारती-पौड फाटा रस्ता नको म्हणणाऱ्यांनाही हेच बिरुद. टेकडी कापा, गल्ली कापा, झाड कापा, आणि उन्हाळ्यात पारा चढला की पेपरात पान भरून लिहा, पूर्वीचं पुणं राहिलं नाही!

आज सोमवार. अकरा वाजता मी त्या कागदाची नक्कल मागायला जाणार आहे. अर्ज कुणी केला, जागेवर येऊन पाहणी कुणी केली, त्यात झाडाचं वय किती दाखवलं, बुंध्याचा घेर किती लिहिला, नक्की कुठल्या फांद्यांना परवानगी दिली. माहितीच्या अधिकारातला अर्ज रात्रीच लिहून ठेवलाय. बुंध्याचा घेर मी स्वतः टेप लावून मोजलाय, फोटो काढलेत, टेम्पोचा नंबरही आहे. मावशी गाडी बंद ठेवून सोबत येतायत, एका दिवसाची कमाई बुडवून. ग्रुपवर हात जोडणाऱ्यांपैकी कुणाला यायचं असेल तर साडेदहाला गेटपाशी या. आणि त्या प्लॉटवर अजून दोन आंबे आणि एक सोनचाफा उभा आहे, पुढच्या रविवारी सहा वाजल्यापासून मी तिथे खुर्ची टाकून बसणार आहे.