काका, वास्कोच्या थडग्याबद्दल तुमचं बरोबर, चार रात्रींबद्दल नाही

मागच्या आठवड्यात मी आमच्या लिस्बनच्या सहलीचा आराखडा इथे टाकला होता: अकरा जण, चार रात्री, एकच गाव. त्यावर वसईच्या एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया लिहिली. वय ७१ लिहिलंय, म्हणून काका म्हणते. चालेल ना?

त्यांचा राग तीन गोष्टींवर आहे. एवढा व्हिसाचा खटाटोप करून एकाच गावात चार रात्री घालवणं म्हणजे पैशाची नासाडी. लिस्बनजवळचं राजवाड्यांचं सिंत्रा वगळणं म्हणजे आग्र्याला जाऊन ताजमहाल न बघणं. आणि तिसरं त्यांच्याच शब्दांत: "पाव, बटाटा, चावी हे शब्द पोर्तुगीज कसे, यावर तुम्ही दोन परिच्छेद खर्च केलेत, वास्को द गामाच्या थडग्याचे चार फोटो लावलेत, आणि आमच्या वसईचा, गोव्याचा एक शब्द नाही."

उत्तर प्रतिक्रियेत मावेना, म्हणून इथे लिहितेय.

आधी पैशाचं. शेंगेन व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो, मग एक गाव बघा नाहीतर सात. हे तुमचं गणित मला मान्य आहे. पण नऊ दिवसांत सहा देशवाली सहल मीही केलीय. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. व्हेनिसला आम्हाला तीन तास मिळाले. त्यातला एक तास स्वच्छतागृहाच्या रांगेत आणि डोकी मोजण्यात गेला. राहिलेल्या दोन तासांत मी काय बघितलं, तर पुढे चालणाऱ्या गाइडची पिवळी छत्री. शिवाय ही गावंच आता अशा गटांना विटलीत. व्हेनिसने २०२४ पासून गटाची मर्यादा २५ माणसांवर आणली, गाइडच्या भोंग्यांवर बंदी घातली आणि गर्दीच्या ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क लावलं. दुब्रोव्हनिकने त्याआधीच क्रूझ जहाजांवर मर्यादा घातली होती. राहणारा पाहुणा त्यांना हवा आहे, धावणारा नको. लिस्बनमध्ये आम्ही माणशी रात्रीला चार युरो पर्यटन कर भरला, अकरा जणांचे चार रात्रींचे १७६ युरो. माझ्या हिशेबाच्या वहीत एवढी एकच रक्कम अशी आहे की ती देताना मला वाईट वाटलं नाही.

आता चार रात्री का, तर गुडघ्यांमुळे. आमच्या अकरा जणांत साठीच्या पुढचे गुडघे बारा होते, त्यातला एक बदललेला. लिस्बन सात टेकड्यांचं गाव म्हणतात, ते खरंच आहे. पण त्या टेकड्यांच्या मध्ये एक सपाट पट्टा आहे, बायशा. तो सपाट तर आहेच, शिवाय पाटीवर आखल्यासारखा सरळ आहे, आणि त्याचं कारण आहे १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाची सकाळ, चर्चमध्ये मेणबत्त्या लावलेल्या, लोक प्रार्थनेला जमलेले, आणि भूकंप झाला. मग तेजू नदीच्या मुखातून लाट आत आली, आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. नंतर पोंबाल या मंत्र्याने तिथे काटकोनातले रस्ते आखले आणि घरांच्या भिंतींत लाकडी पिंजरे बसवले, पुढच्या धक्क्याला घर हललं तरी पडू नये म्हणून. शेजारची अल्फामा टेकडी मात्र त्या भूकंपातून बरीचशी वाचली. म्हणून तिथे अजून जुन्या बोळकांड्या आहेत, पायऱ्या आहेत, आणि टॅक्सी दारापर्यंत येत नाही.

म्हणजे काका, १७५५ मध्ये जे पडलं तिथे मुक्काम करायचा आणि जे वाचलं ते सकाळी ताज्या पायांनी बघायचं. माझ्या सगळ्या आराखड्याचं मर्म एवढंच आहे. अल्फामातलं घर फोटोत गोड दिसतं, पण बॅगा घेऊन तिसऱ्या वळणावर गेलात की कळतं. अल्फामाच्या वरच्या किल्ल्यावर जायला फिगेइराच्या चौकातून ७३७ नंबरची बस सुटते. तिला ट्राम २८ इतकं नाव नाही, म्हणून तिच्यात बसायला तरी मिळतं.

ट्राम २८ ची गोष्ट मी मूळ लेखात गाळली होती, कारण त्यात माझी फजिती आहे. मार्तिम मोनीझला, म्हणजे पहिल्याच थांब्यावर, आम्ही अकरा जण रांगेत उभे. ट्राम आली, पिवळी, जुनी, आमच्या वाड्याच्या जिन्याएवढी रुंद. आई आणि मावशी पुढे होत्या. त्या चढल्या, आणखी काही लोक चढले, आणि चालकाने दार लावलं. काचेतून मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू तिला मी वृद्धाश्रमात पाठवतेय. दोघींच्या फोनमध्ये रोमिंग नव्हतं, कारण "तू आहेस ना बरोबर". एक बरं, सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: चुकलात तर मध्ये उतरायचं नाही, शेवटच्या थांब्यावर बसून राहायचं. शेवटचा थांबा कुठला हे मात्र मी बघितलं नव्हतं. तो आहे प्राझेरेश. नावाचा अर्थ 'सुखं', आणि थांब्यासमोर आहे गावातलं मोठं कब्रस्तान. पाऊण तासाने आम्ही पोचलो तेव्हा दोघी त्या फाटकापाशी बसून पिशवीतल्या खाकऱ्यांचा चुरा खात होत्या. आई म्हणाली, "जागा शांत आहे."

त्या दिवसापासून आम्ही सहा आणि पाच असे दोन गट केले, प्रत्येक गटात एक चालू फोन, आणि जेवायलाच एकत्र यायचं. जेवणाचंही सांगते. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात. ते पाहुणचाराचं नसतं, हात लावला की बिलात येतं. अकरा जणांनी पहिल्या रात्री तीन टेबलांवरच्या बशा साफ केल्या होत्या. आणि काल्दू व्हेर्द नावाचं पालेभाजी-बटाट्याचं सूप शाकाहारी दिसतं, पण वर चोरिसोची, म्हणजे मांसाच्या सॉसेजची, चकती तरंगत असते. आधीच सांगायचं.

सिंत्राबद्दल फार लिहीत नाही. राजवाडा सुंदर आहे, मी आधी एकदा बघितलाय. पण तिथल्या पेना राजवाड्याच्या तिकिटावर आत शिरायची वेळ छापलेली असते, आणि अकरा माणसं ठरल्या मिनिटाला डोंगरावर हजर करणं माझ्याच्याने होणार नव्हतं. त्याऐवजी आम्ही काइश दु सुद्रेहून पलीकडच्या काठावर काशिल्याशला फेरीबोटीने गेलो, दहा मिनिटांचा प्रवास. बंदराचं गाव पाण्यावरून बघावं, असं मला वाटतं. तुम्हाला ताजमहालच हवा असेल तर पाचवी रात्र वाढवा.

आता तिसरा मुद्दा. इथे मात्र मी कान पकडते.

पाव-बटाट्याचे दोन परिच्छेद प्रत्येक मराठी माणूस लिस्बनवर लिहितो, मीही लिहिले. आणि जेरोनिमोश मठात शिरल्या शिरल्या वास्कोचं थडगं दिसलं, वर दगडात हात जोडून निजलेला, तेव्हा सगळ्यांसारखा मीही मोबाइल काढला. हा माणूस १५२४ मध्ये कोचीला मेला, हाडं नंतर पोर्तुगालला नेली, आणि या मठात आणली थेट १८८० मध्ये. म्हणजे ती समाधी मुळात एकोणिसाव्या शतकातली सजावट आहे. १५०२ च्या फेरीत त्याने मक्केहून परतणारं यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं, ते त्या थडग्यापाशी कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही. मी तरी सांगायला हवं होतं. माझ्या गटात माझी भाची होती, नववीत. तिने वास्कोबद्दल शाळेत 'जलमार्ग शोधला' एवढंच वाचलंय.

खरं तर वसई मला आठवायला हवी होती. मी नाशिकची. गोदाकाठच्या नारोशंकराची घंटा मी लहानपणापासून बघतेय, आणि ती चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयाची म्हणून सगळे सांगतात. वाईजवळ मेणवलीलाही तशीच एक आहे. त्या घंटा ज्यांच्या, त्यांच्या राजधानीत चार रात्री राहून मी कस्टर्डच्या टार्टचं वर्णन करत बसले.

तर आता तुमच्या प्रतिक्रियेनंतर मी चौथा दिवस नव्याने आखलाय. तुम्ही जाणार आहात असं लिहिलंय, म्हणून सविस्तर सांगते.

सकाळी रोसिओच्या चौकात थांबा. समोर खांबांचं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाचा, वाडा होता. गोव्यात १५६० पासून ज्या न्यायासनाने लोकांना छळलं, त्याचे वरिष्ठ इथे लिस्बनमध्ये बसत. आमच्या गटाने तिथे कट्ट्यावर बसून आइस्क्रीम खाल्लं होतं. मग से कॅथेड्रलच्या अगदी शेजारी अल्जूबे नावाचं संग्रहालय आहे, ट्राम २८ त्याच्या दारावरून जाते. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आम्ही त्यासमोरून दोनदा गेलो आणि पाटी वाचली नाही.

दुपारी बेलेंला जा, पण सोमवारी नको, तिथला जेरोनिमोश मठ बंद असतो. नदीकाठी दर्यावर्द्यांचं मोठं दगडी स्मारक आहे, ते १९६० चं. ती तारीख लक्षात ठेवा. ते उभं राहिलं तेव्हा मोहन रानडे तुरुंगात होते. सांगलीचा माणूस, शिक्षक म्हणून गोव्यात गेला, आझाद गोमंतक दलात लढला, १९५५ मध्ये पकडला गेला. गोवा १९६१ मध्ये सुटला, रानडे सुटले नाहीत. त्यांना पोर्तुगालमध्ये काशियशच्या किल्ल्यात ठेवलं होतं, आणि सुटका झाली ती थेट जानेवारी १९६९ मध्ये. त्यासाठी सुधीर फडके यांनी इकडे जिवाचं रान केलं, हे तुमच्या पिढीला मी सांगायला नको. बेलें स्टेशनावरून काश्काइशकडे जाणारी गाडी त्याच काशियशवरून पुढे जाते. किल्ल्यात अजूनही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. पण स्टेशनाची पाटी दिसते. आम्ही त्याच गाडीने समुद्रावर गेलो होतो, आणि ती पाटी मागे गेली तेव्हा मी बिलांची वाटणी करत होते.

पाचवी रात्र वाढवलीत तर ती सिंत्राऐवजी पेनिशला द्या, असं मी म्हणेन. लिस्बनच्या उत्तरेला, समुद्रात घुसलेल्या खडकावरचा किल्ला. टी. बी. कुन्हा आणि पुरुषोत्तम काकोडकर या गोव्याच्या स्वातंत्र्यसैनिकांना गोव्याहून उचलून तिथे डांबलं होतं. आता तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. मी गेलेले नाही. तुम्ही आधी गेलात तर फोटो पाठवा. वास्कोचे चार काढून तिथे लावते.

आणि बुटांचं विचारलंत, ते राहिलंच. तिथले फुटपाथ काळ्या-पांढऱ्या चुनखडीच्या छोट्या तुकड्यांचे, शतकभर पायांनी घासून गुळगुळीत झालेले, आणि एक सर आली की शेवाळलेल्या घाटासारखे. चामड्याच्या तळव्याचे नकोत. रबरी, खाचांचे घ्या, आणि इथेच महिनाभर घालून रुळवा.